गादीवरून उतरले ती दुपार

"आजचे यजमान कोण म्हणालात, नाना?"

मला ठाऊक होतं. तरी विचारलं. ते नाव नानांच्या तोंडून ऐकताना माझा चेहरा हलत नाही ना, एवढंच मला बघायचं होतं.

नाना दामले आमच्या केशवाच्या देवळाचे कारभारी. समई पुसता पुसता ते म्हणाले, "डॉक्टर खांबेटे. मुद्दाम मागून घेतली तुमची दुपार. स्वतः कोरोनातून वाचले ना, देवाचं काहीतरी करायचं मनात होतं त्यांच्या. म्हणाले, दुसरं कुणाचं नको, शैलजाताईंचंच कीर्तन माझ्याकडून होऊ दे."

"अस्सं," मी म्हटलं. "मग आज रंगवलंच पाहिजे."

नाना खूश झाले. तबल्याच्या गठ्ठ्यांवर हातोडी मारत बसलेला सुहास गुरव मात्र खूश झाला नाही. माझ्या पहिल्या कीर्तनापासून तबला त्याचाच. नाना आत गेले तसा तो हळूच म्हणाला, "ताई, ते वैद्याचं आख्यान लावताय?"

"लावतेय."

"सगळ्या गावाला कळेल हो."

"कळावं म्हणूनच रचलंय."

"मग ही हातोडी जवळच ठेवतो," तो म्हणाला. "डॉक्टर अंगावर आले तर."

चैत्रातला उत्सव होता. कोरोनाने देवाला कुलूप लावलं, त्यानंतरचा पहिलाच. सभामंडपात माणसं दाटीवाटीने बसत होती आणि एकमेकांना चिकटून बसायला मिळतंय याचंच सगळ्यांना अप्रूप वाटत होतं. मास्क होते, पण हनुवटीवर. बायका बुक्क्याची ताटं, हार, केळीचे खुंट घेऊन इकडून तिकडे जात होत्या. देवळाला किती दिवसांनी देवळाचा वास येत होता. एरवी अशा दुपारी माझ्या डोळ्यांत नुसत्या आनंदाने पाणी उभं राहिलं असतं. कीर्तनाइतकं मला या जगात काही आवडत नाही. करायलाही आणि ऐकायलाही. पण त्या दिवशी माझ्या पोटात निखारा होता, आणि मी तो जपून घेऊन आले होते.

पेटीची जागा मी रिकामी ठेवली होती. तिथे फक्त सतरंजीची घडी. ती आमच्या ह्यांची जागा. भालचंद्र ओगले, गावाचे भालूदादा.

हे जेवणारे गृहस्थ होते. कुणाच्या घरी कीर्तन असलं की आख्यान कुठलं हे मी विचारायची आणि बेत काय हे विचारायचे हे. तो माणूस कोरोनाच्या आधीच्या थंडीत दोन घासांवर ताट सरकवू लागला. "पोट भरलं गं," म्हणायचे. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. ह्यांचे वडील पोटाच्याच दुखण्याने गेलेले, म्हणून मी मागे लागले. आमच्या तालुक्यात पोटात दुर्बीण घालून बघणारे एकच, डॉक्टर खांबेटे. त्यांनी तपासलं, कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, "दुर्बीण घालून बघूच. पुढच्या आठवड्यात या."

पुढच्या आठवड्यात सगळा देश बंद झाला.

मी फोन केला. डॉक्टर म्हणाले, "ताई, घशातून नळी घालायची म्हणजे पेशंटचा श्वास थेट माझ्या तोंडावर. सगळीकडे थांबवलंय हे. घरात माझी म्हातारी आई आहे. पित्ताच्या गोळ्या पाठवतो, धीर धरा."

मला पटलं. खरंच पटलं. त्यांच्या आईला मी लहानपणापासून ओळखत होते. कीर्तनात पुढे बसायच्या. मी म्हटलं, "आईंना जपा."

गोळ्या आल्या, संपल्या, पुन्हा आल्या. आंब्याचे दिवस आले आणि ह्यांनी फोडीला हात लावला नाही. मग उलट्या सुरू झाल्या, आणि एका सकाळी शौचाला डांबरासारखं काळं झालं. जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय पूर्ण कोरोनाला दिलेलं. कोल्हापूरला जावं तर घाटात नाकाबंदी. सुहासने आपला टेम्पो काढला, मागे गादी टाकली, ह्यांना झोपवलं आणि आम्ही खांबेट्यांच्या दारात गेलो.

शटर खाली होतं. हाका मारल्यावर डॉक्टर वरच्या गॅलरीत आले. तोंडावर दोन मास्क, त्यावर प्लास्टिकची काच.

"डॉक्टर, काळं होतंय. एकदा आत बघा हो."

"ताई, पित्ताने पण होतं तसं. मी आत्ता कुणालाच घेत नाहीये. कुणालाच. समजून घ्या. गोळी डबल करा."

"मी समजून घेईन, ह्यांचं पोट नाही ना घेत!"

"घरी न्या त्यांना," ते म्हणाले आणि आत गेले.

टेम्पो वळवायला जागा नव्हती म्हणून सुहासने तो मागच्या बोळात घातला. तिथे दवाखान्याचं मागचं दार उघडं होतं. त्यातून रुमालाने तोंड पुसत बाळकृष्ण शेट्ये बाहेर आले. वाळूचे ठेकेदार. डॉक्टरांचा माणूस त्यांना गाडीपर्यंत सोडायला आला होता. आम्हाला बघून शेट्ये मोकळेपणाने हसले.

"काय हो भालूदादा, तुमचंही पोट का? माझं काही नाही निघालं. नुसतं पित्त! डॉक्टर म्हणाले, एकदा आत बघून घेऊ, म्हणजे मनाला शांती. नळी घालताना जरा कसंतरी होतं, बाकी काही नाही."

मी टेम्पोतून उतरत होते. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. बोळात दगड बरेच पडले होते. ह्यांनी माझा पदर धरला.

"घरी चल," ते म्हणाले. "मला बसवत नाही." आणि मग, त्याही अवस्थेत, हसून, "चला, शेट्येचं तरी पोट चांगलं निघालं."

हे असे होते. मी तशी नाही.

गणपतीच्या सुमाराला कोल्हापूरला जाता आलं. तिथे दुर्बीण घातली. जठराच्या खालच्या तोंडाशी गाठ, तोंड जवळजवळ बंद, आणि यकृतावर ठिपके. तिथले सर्जन तरुण होते. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि म्हणाले, "आई, उन्हाळ्याआधी आला असतात तर पोटाचा तेवढा भाग काढून टाकला असता आम्ही. आता कापण्यासारखं राहिलं नाही." केमो सुरू केली. दुसऱ्या खेपेच्या आधी ह्यांना कोरोना निघाला, म्हणून ती पुढे ढकलली. मग पुन्हा पुढे ढकलली. मार्गशीर्षात हे गेले. स्मशानात मोजकीच माणसं. जन्मभर ज्यांनी देवाच्या नावाला सूर धरला, त्यांच्यामागे कुणी मोठ्याने नाव घेतलं नाही. तोंड उघडायची भीती होती सगळ्यांना.

पुढच्या दीड वर्षात मी ते आख्यान रचलं. नगरात रोगाची साथ आलेली, राजवैद्याने दार लावून घेतलेलं, आणि राजाच्या मेहुण्यासाठी मागची खिडकी उघडी. कीर्तनात गायच्या साक्या रचल्या, दिंड्या रचल्या. देवाशप्पथ सांगते, इतकं रसाळ मी आयुष्यात काही रचलं नव्हतं. रागाला यमकं फार पटापट सुचतात. नाव कुणाचंच नाही, पण मंडपातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

एक गोष्ट मात्र मी मनात मागे ढकलत होते. मला कीर्तन माझ्या वडिलांनी शिकवलं, हरिभाऊबुवांनी. झांज हातात देण्याआधी त्यांनी मला ती तांबडी बैठक दाखवली होती. म्हणाले, "ही नारदाची गादी. हिच्यावर पोर उभं राहिलं तरी गावातला म्हातारा त्याच्या पाया पडतो, आणि कुणी त्याला उलट बोलत नाही. म्हणून तिथे उभी असशील तोवर तू शैलजा नाहीस. तिथून आपलं वैर काढलंस, तर झांज खाली ठेवायची आणि पुन्हा उचलायची नाही." मी मनाशी म्हणत होते, नाव तर घेत नाहीये ना? वडील असते तर माझ्याकडे नुसतं बघितलं असतं.

पूर्वरंग छान झाला. निरूपण दयेवर होतं. आपल्याच तोंडून दयेच्या गोष्टी ऐकताना मला गंमत वाटत होती. डॉक्टर पहिल्या रांगेत, सोवळं नेसून, डोळे मिटून डोलत होते. ते सोंग नव्हतं. माणूस मनापासून ऐकत होता, आणि त्याचाच मला जास्त संताप येत होता.

मग मध्यंतर. नामगजर सुरू झाला, सगळा मंडप टाळ्या वाजवू लागला. या वेळी यजमानाने बुवांना बुक्का लावायचा, हार घालायचा आणि पाया पडायचं, अशी रीत. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान. डॉक्टर उठले. त्यांनी माझ्या कपाळाला बुक्का लावला. गळ्यात झेंडूचा जाड हार घातला. माझ्या पायांवर डोकं टेकलं. उठताना त्यांचे डोळे भरले होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताई, भालूदादांची फार आठवण येते हो. काय पेटी वाजवायचे! असा माणूस एकाएकी कसा गेला?"

एकाएकी.

त्याला आठवतच नव्हतं. जवळजवळ दोन वर्षं ती गॅलरी, ते शटर, तो बोळ मी रोज बघत होते आणि या माणसाच्या डोक्यात त्याची रेघसुद्धा नव्हती. मी आख्यान लावलं असतं, मंडपाला कळलं असतं, लोक कुजबुजले असते. आणि हा डोळे मिटून डोलत राहिला असता. फार तर बोच लागली असती, ती त्याने नारदाचा उपदेश म्हणून डोक्याला लावली असती. गादीवरून मारलेली चपराक नारदाची होते. मला ती माझ्या हाताची हवी होती. सूड माझा होता, तो मी देवाच्या आडून का घेऊ?

मी झांज थांबवली. सुहासचा हात तबल्यावर अडखळला. टाळ्या विस्कळीत झाल्या आणि थांबल्या. मी गळ्यातला हार काढला, गादीच्या मधोमध ठेवला, तिला नमस्कार केला आणि खाली फरशीवर उतरले.

पन्नास वर्षांत त्या देवळात कुणी असं केलं नव्हतं. नाना धावत आले. "शैलजाताई! बरं वाटत नाही का? अहो, गादी रिकामी पडली!"

"रिकामी नाही, नाना. ज्याची आहे तो आहे तिथे. हार त्याच्यापाशीच आहे."

डॉक्टर आपल्या जागेवर बसत होते. मी म्हटलं, "डॉक्टर, बसू नका. आता मी गादीवर नाही. आता बोलतेय ती भालचंद्र ओगल्यांची बायको. तुम्हाला उलट बोलायचं असेल तर खुशाल बोला; तेवढ्यासाठीच खाली आलेय."

आणि मी सांगितलं. साक्या नाहीत, दिंड्या नाहीत, आवाजही चढवला नाही. काळं शौच. टेम्पो. शटर. "कुणालाच घेत नाहीये" हे गॅलरीतलं वाक्य. मग बोळ आणि मागचं दार. शेट्ये खांबाला टेकून बसले होते, माना तिकडे वळल्या तसे ते म्हणाले, "मला कशाला मध्ये ओढताय हो? मी आपला पेशंट!"

"तेच म्हणतेय मी," मी म्हटलं. "तुम्ही पेशंट होतात आणि आम्ही काय होतो?"

डॉक्टरांचा चेहरा आधी गोंधळला. मग एकेक आठवत गेलं तसा उतरत गेला. ते म्हणाले, "ताई, तेव्हा मोठ्या शहरांतसुद्धा दुर्बिणी बंद होत्या. अगदी अडलेल्यालाच घ्या असं वरूनच सांगितलं होतं. मलाही भीती होती. मी माणूस आहे."

"भीतीबद्दल माझं काही म्हणणं नाही. सगळ्यांनाच होती. भीतीने लावलेलं दार मला समजतं, डॉक्टर. तुमची आई माझ्याही ओळखीची होती. तुम्ही ते मागच्या बाजूने उघडलंत, ते समजत नाही."

डॉक्टर उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. शेवटी म्हणाले, "मी काय करू? सांगा. पाया पडू?"

"पडलात की आत्ताच. ते नारदाला पोचलं." मी म्हटलं, "कीर्तनाची बिदागी यजमान देतो ना? मला पाकीट नको. दर गुरुवारी सकाळी तुमचं पुढचं दार उघडं ठेवायचं. ज्याच्या पोटाचं दुखणं त्या साथीत राहून गेलं, ज्याला अन्न जात नाही, वजन उतरतंय, त्याच्या पोटात दुर्बीण घालून बघायचं. एक पै न घेता. बाकावर बसलेल्या क्रमाने. आणि त्या बाकावर मी बसणार."

"तुम्ही? कशाला?"

"तुम्ही आतून बाहेर आलात की दर वेळी मी दिसायला हवी म्हणून. तुम्ही विसरता."

"किती दिवस, ताई?" त्यांनी विचारलं.

"मी मरेपर्यंत. प्रकृती चांगली आहे माझी."

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. नाना, ज्यांनी जन्मात कुणाला दुखावलं नाही, ते हळूच म्हणाले, "डॉक्टर, देवासमोर मागितलंय त्यांनी."

डॉक्टरांनी मान हलवली. "दिलं," म्हणाले. आवाज जेमतेम ऐकू आला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने पार्वती भाटकर उठली. मासळी विकणारी, घसा खणखणीत. "ताई, आमच्या घोवाच्या पोटात वर्स झालं दुखतंय. कोरोनात कोन बघनार, म्हनून ऱ्हायलंय तसंच. ह्या गुरवारी आनू?"

"मला नको विचारूस. डॉक्टरांना विचार."

"आण," डॉक्टर म्हणाले.

मी गादीला नमस्कार केला, हार पुन्हा गळ्यात घातला आणि वर चढले. सुहासकडे बघितलं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हातोडी अजून मांडीशी होती. मी दुसरंच एक आख्यान लावलं, जुनं, वडिलांनी शिकवलेलं. त्यात वैद्य नव्हता, दार नव्हतं. रचलेल्या साक्या मी पुन्हा कधी म्हटल्या नाहीत. त्या दिवसाइतकं कीर्तन माझ्या हातून नंतर रंगलं नाही, असं लोक म्हणतात. मला आठवत नाही. वर चढल्यावर शेवटपर्यंत मी शैलजा नव्हते, एवढं आठवतं.

गुरुवार सुरू झाले. मी सकाळी पूजा उरकून जायची, बाकाच्या कडेला बसायची. पहिल्या वर्षी बाक पुरेना. पार्वतीच्या नवऱ्याला व्रण निघाला, औषधाने बरा झाला. दोघातिघांना मात्र उशीर झालेला होता; त्यांना घेऊन डॉक्टर स्वतः कोल्हापूरला गेले. मी बसून असायची. बायका भीतीने थरथरायच्या, त्यांचे हात धरायची, हळू आवाजात नाम म्हणायची. खोलीचं दार उघडून डॉक्टर बाहेर यायचे, त्यांची नजर आधी माझ्यावर पडायची, मग ती खाली जायची. देव मला क्षमा करो, त्या खाली जाणाऱ्या नजरेने मला गोड वाटायचं. दर गुरुवारी.

तीन वर्षं अशीच गेली. डॉक्टरांचे केस पिकले. एका गुरुवारी पलीकडच्या वाडीतल्या शाळेच्या एक बाई आल्या, नुसती भूक मंदावली म्हणून. डॉक्टरांना त्यांच्या जठरात एवढासा खडबडीत डाग दिसला. तुकडा तपासायला गेला. कॅन्सरच, पण अगदी सुरुवातीचा, वरच्या अस्तरापुरता. ऑपरेशन झालं आणि पावसाळ्यात त्या बाई पुन्हा फळ्यासमोर उभ्या राहिल्या.

ते कळलं त्या दिवशी डॉक्टर लहान मुलासारखे धावत बाहेर आले. "ताई, ताई! सगळं स्वच्छ निघालं. वेळेवर सापडलं! वेळेवर!" माझ्यापुढे बाकावरच बसले. डोळे पुसले. मलाही भरून आलं. मी त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. प्रसादाचा होता.

तो तोंडात टाकून ते हळूच म्हणाले, "ताई, आज तरी माफ केलंत म्हणा."

मी त्यांच्याकडे बघितलं. चांगला माणूस दिसत होता. मला माझे हे आठवले. हे असते तर हसून हो म्हणाले असते आणि वर जेवायला बोलावलं असतं.

"माफ करणारा देवळात आहे, डॉक्टर," मी म्हटलं. "त्याच्याकडे जा. तो नाही म्हणत नाही. मी म्हणते."

ते उठले, हात धुतले आणि आत गेले.

बाकावर पुढे एक तरुण मुलगी होती, पदराचं टोक चावत बसलेली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "जा गं बाळ आत. घाबरायचं नाही, नळी उतरताना नाकाने सावकाश श्वास घ्यायचा. डॉक्टरांचा हात हलका आहे." ती उठली. मी तिला मागून हाक मारली.

"आणि हे बघ, आत गेलीस की सांग त्यांना. म्हणावं, ओगलेबाई बसल्यात बाहेर."